दीड हजार साक्षीदार, पण आठवणी किती? : भावाल संन्यासी खटल्याचे एक वाचन



अभ्यासक्रमात ‘फसवी आठवण’ हा घटक आला की टिपणांत बहुधा तीन-चार प्रयोगांची नावे, त्यांची साले आणि टक्केवारी एवढेच हाती लागते. परीक्षेला ते पुरते. पण प्रयोगशाळेत वीस मिनिटांत घडणारी गोष्ट बाहेरच्या जगात, नात्यागोत्यात, बारा-पंचवीस वर्षांच्या काळात कशी घडते, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही. म्हणून या टिपणात ते प्रयोग एका खऱ्या खटल्याच्या शेजारी ठेवून वाचू. खटला आहे बंगालमधला भावाल संन्यासी खटला. तो ढाक्यात सुरू झाला आणि कोलकाता उच्च न्यायालयात गाजला. त्यावरचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आणि दोन लोकप्रिय चित्रपटही कोलकात्यातच तयार झाले.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे माझा दृष्टिकोन मोजमाप शिकवणाऱ्याचा आहे. म्हणणे एकच आहे : एकमेकांशी बोललेल्या माणसांच्या आठवणी पुरावा म्हणून वापरताना नुसती डोकी मोजून चालत नाही. या खटल्याबद्दल पुढे जे लिहिले आणि दाखवले गेले, त्यात हा मुद्दा मागे पडला, अशी माझी तक्रार आहे.

१. खटला थोडक्यात

ढाक्याजवळ जयदेवपूर येथे भावालची मोठी जमीनदारी होती. तिचे तीन कुमार वारस. त्यांतले मधले, म्हणजे बंगालीत ‘मेजोकुमार’, रमेंद्रनारायण रॉय. एप्रिल १९०९ मध्ये ते हवापालटासाठी दार्जिलिंगला गेले. बरोबर पत्नी विभावती देवी, मेहुणा सत्येंद्रनाथ बॅनर्जी, घरचे डॉक्टर आणि नोकरचाकर होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुमार आजारी पडले आणि ८ मे रोजी त्यांचा मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. पुढच्या चार वर्षांत उरलेले दोघे भाऊही वारले. मूलबाळ कोणालाच नव्हते. जमीनदारी कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे सरकारी व्यवस्थेच्या ताब्यात गेली.

बारा वर्षांनी, १९२१ च्या सुरुवातीला, ढाक्यात बुढीगंगेच्या काठी बकलंड बंधाऱ्यावर अंगाला राख फासलेला एक संन्यासी बसलेला दिसू लागला. तो हिंदी बोलत असे. हा मेजोकुमारसारखा दिसतो, अशी कुजबुज सुरू झाली. एप्रिलमध्ये त्याला जयदेवपूरला नेण्यात आले. ४ मे १९२१ रोजी मोठ्या जमावासमोर त्याने आपण रमेंद्रनारायण असल्याचे सांगितले. त्याची हकीकत अशी : दार्जिलिंगला आपल्याला मृत समजून स्मशानात नेले, तेवढ्यात पाऊस आला, लोक पांगले, नागा साधूंनी आपल्याला वाचवले, स्मृती गेली आणि बऱ्याच वर्षांनी ती परत आली.

महिनाभरात, ३ जून १९२१ रोजी, कलेक्टरने तो तोतया असल्याची नोटीस काढली. १९३० मध्ये संन्याशाने दिवाणी दावा लावला. प्रत्यक्ष सुनावणी १९३३ ते १९३६ अशी चालली. वादीतर्फे १,०६९ आणि प्रतिवादींतर्फे ४७९ साक्षीदार तपासले गेले. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी २४ ऑगस्ट १९३६ रोजी वादीच्या बाजूने निकाल दिला. कोलकाता उच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे अपील चालले. चारुचंद्र बिस्वास आणि कॉस्टेलो यांनी निकाल कायम केला, तर लॉज यांनी त्याविरुद्ध मत दिले. ३० जुलै १९४६ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही अपील फेटाळले. त्यानंतर काही दिवसांतच वादी वारला.

मराठी वाचकाला ‘तोतया’ या शब्दाबरोबर लगेच सदाशिवरावभाऊ आठवतील. पानिपतात १७६१ साली भाऊ पडले, पण प्रेताच्या ओळखीबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली आणि काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा मनुष्य उभा राहिला. त्यालाही मानणारे शेकड्यांनी भेटले. १७७६ साली पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. दोन्ही प्रकरणांतली परिस्थिती सारखी आहे : मृत्यू दूरच्या ठिकाणी झालेला, घरच्यांच्या मनात रुखरुख, आणि परत येण्याच्या अफवा माणूस येण्याआधीच पसरलेल्या. फरक एवढाच की भावालचा वादी न्यायालयात जिंकला, आणि त्याच्या खटल्याची छापील कागदपत्रे खंडच्या खंड भरतील एवढी उरली आहेत. म्हणून अभ्यासाला तोच जास्त उपयोगी.

एक गोष्ट आताच स्पष्ट करतो. हे टिपण ‘तो खरा कुमार होता का?’ हे ठरवत नाही. तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांनी वादीला कुमार मानले आहे. प्रश्न वेगळा आहे : इतक्या लोकांना तो ‘आठवला’ कसा, आणि त्या आठवणींचे वजन किती धरायचे?

२. ओळख कशी पसरली

क्रमाकडे नीट लक्ष द्या. संन्याशाने स्वतः दावा करण्यापूर्वी कित्येक आठवडे लोक त्याच्याबद्दल बोलत होते. म्हणजे ४ मेच्या जमावातला मनुष्य कोऱ्या मनाने आला नव्हता. तो ‘मेजोकुमार परत आलेत म्हणे’ हे ऐकून आला होता. समोर दाढी-जटा असलेला, बारा वर्षांनी वय वाढलेला चेहरा. मनात बारा वर्षांपूर्वी लांबून, कदाचित हत्तीवर बसलेला, पाहिलेला कुमार. या दोन अस्पष्ट चित्रांची जुळणी करताना तिसरी गोष्ट मदतीला येते : शेजारी उभा असलेला माणूस काय म्हणतो ती.

त्या दिवशी त्याला प्रश्न विचारले गेले. नाव काय, वडिलांचे नाव काय, आणि लहानपणी अंगावर पाजणाऱ्या दाईचे नाव काय. त्याने ‘अलोका’ असे सांगितले आणि जमावाने जयघोष केला. खटल्याच्या सगळ्या कथनांत हा प्रसंग येतो. वाचताना आपले लक्ष उत्तर देणाऱ्याकडे जाते. मी तुम्हाला जमावाकडे पाहायला सांगतो. त्या हजारोंच्या गर्दीत दाईचे नाव आधीपासून ठाऊक असलेले किती असतील? घरातले काही आणि जुने नोकर. बाकीच्यांना ते त्या क्षणी कळले, तेही ‘बरोबर उत्तर’ म्हणूनच. पुढे त्यांतल्या कोणीही ‘त्याने दाईचे नाव अचूक सांगितले’ असे म्हटले तर ते खोटे बोलत नव्हते. पण ते त्यांचे स्वतःचे निरीक्षण नव्हते. परीक्षा एकाची चालली होती आणि उत्तरपत्रिका सगळ्यांच्या हाती पडत होती.

आणि हे एका बाजूचेच नाही. कुटुंबच दुभंगले होते. बहीण ज्योतिर्मयी देवी आणि थोरल्या कुमारांच्या विधवा पत्नी सरयूबाला देवी यांनी त्याला ओळखले. पत्नी विभावती देवी आणि धाकट्या कुमारांच्या विधवा पत्नी आनंदकुमारी देवी यांनी ओळख नाकारली. संन्याशाच्या दाव्याची बातमी कळताच १९२१ च्या मे महिन्यातच सत्येंद्रनाथ दार्जिलिंगला गेले आणि मृत्यू व दहन याविषयीचे पुरावे गोळा होऊ लागले. म्हणजे ‘दहन झाले होते’ ही आठवणसुद्धा बारा वर्षांनी, नेमके काय आठवायला हवे आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना, शब्दांत उतरत होती. मृत्यू संध्याकाळी झाला की मध्यरात्रीच्या सुमारास, प्रेतयात्रा रात्री निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या रात्री पाऊस पडला होता की नाही, या प्रत्येक प्रश्नावर दोन्ही बाजूंकडे ठामपणे सांगणारे साक्षीदार होते. साक्ष देईपर्यंत घटनेला पाव शतक झाले होते. त्या काळात पुस्तिका निघाल्या, पदे छापली गेली, वर्तमानपत्रांत सुनावणीच्या बातम्या येत राहिल्या. उद्या साक्ष देणारा मनुष्य आज दुसऱ्याची साक्ष वाचू शकत होता.

३. प्रयोग काय सांगतात

आता पाठ्यपुस्तकातले प्रयोग या चित्राला लावून पाहू.

फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले की गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाताना अनोळखी तपशील गळतात आणि ऐकणाऱ्याच्या ओळखीचे तपशील त्यांची जागा घेतात. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली वस्तू नव्हे, ती दर वेळी नव्याने जुळवली जाते, ही कल्पना इथून रुजली.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या टकरीची फीत दाखवून वेगाबद्दल प्रश्न विचारला. एका गटाला गाड्या ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरला, दुसऱ्याला ‘आदळून चुराडा झाल्या’ अशा अर्थाचा. आठवड्याने ‘फुटलेली काच दिसली का?’ असे विचारल्यावर सौम्य शब्दाच्या गटातल्या ५० पैकी ७ जणांनी, तर दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटले. फितीत फुटलेली काच नव्हतीच. इथे दुसरा माणूस म्हणजे फक्त प्रश्न विचारणारा होता.

रॉडिगर, मीड आणि बर्गमन यांनी २००१ मध्ये त्या जागी सहकारी बसवला. दोघांनी घरातल्या खोल्यांची तीच चित्रे पाहायची आणि आळीपाळीने काय दिसले ते सांगायचे. सहकारी हा प्रयोगकर्त्यांचाच मनुष्य असे आणि तो चित्रात नसलेल्या काही वस्तू सांगत असे. नंतर एकट्याने आठवताना लोकांनी त्या वस्तूही लिहिल्या. चित्र थोडाच वेळ दाखवले असेल, किंवा ती वस्तू अशा खोलीत असणे साहजिक असेल, तर परिणाम जास्त. संशोधकांनी याला स्मृतीचा ‘सामाजिक संसर्ग’ म्हटले.

गॅबर्ट, मेमन आणि ॲलन यांच्या २००३ च्या प्रयोगात तर खोटे बोलणारा कोणीच नव्हता. जोडीतल्या दोघांनी तीच घटना वेगवेगळ्या कोनांतून पाहिली, त्यामुळे काही गोष्टी एकालाच दिसल्या. चर्चेनंतर ७१ टक्के लोकांनी जोडीदाराकडूनच कळू शकणारी निदान एक तरी गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगितली. भावालसाठी हा प्रयोग सर्वांत जवळचा आहे, कारण तिथेही बहुतेक लोक प्रामाणिक होते असे मानायला हरकत नाही.

वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. चुकीच्या माणसाला ओळखलेल्या साक्षीदारांना ‘छान, तुम्ही संशयिताला ओळखलंत’ एवढे म्हटल्यावर त्यांचा आत्मविश्वास वाढलाच, शिवाय ‘घटना नीट दिसली होती’ असेही ते जास्त ठामपणे सांगू लागले. जमावाचा जयघोष हे याहून मोठे ‘छान’ आहे.

आणि एडेलसन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक महत्त्वाचा भेद केला. गटाचे खोटे उत्तर पाहून सुमारे ७० टक्के वेळा लोकांनी आपले उत्तर बदलले. नंतर ‘ती उत्तरे खरी नव्हती’ असे सांगितल्यावर काही जण मूळ उत्तरावर परतले, पण ४० टक्क्यांहून अधिक चुका तशाच टिकल्या. पहिल्या प्रकारात माणूस चारचौघांत ‘हो’ म्हणतो आणि मनात जाणून असतो. दुसऱ्या प्रकारात त्याची आठवणच बदललेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

४. डोकी मोजण्याचे गणित

आता तुमच्या ओळखीच्या संख्याशास्त्राकडे वळू. प्रयोगशाळेत एकच लांबी आपण दहा वेळा का मोजतो? प्रत्येक वाचनातली आकस्मिक चूक वेगळी असते, त्यामुळे सरासरीत चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पण याला एक अट आहे : वाचने स्वतंत्र हवीत. बॅचमधल्या पहिल्याने ‘१२.४६’ असे मोठ्याने म्हटले आणि उरलेल्या तिघांनी व्हर्नियरला डोळा लावण्याआधीच ते ऐकले, तर वहीत चार वाचने असतात, पण हाती एकच असते.

चुकांमध्ये सहसंबंध असेल तर काय होते याचे सूत्र साधे आहे. वाचनांची संख्या ‘न’ आणि कोणत्याही दोन वाचनांच्या चुकांमधला सहसंबंध ‘स’ धरा. मग स्वतंत्र वाचनांच्या भाषेत त्यांची किंमत

न ÷ [१ + (न − १) × स]

एवढी भरते. आता स = ०.१ धरू. ही संख्या मी उदाहरणासाठी घेतली आहे, कोणी मोजलेली नाही. शिवाय ०.१ म्हणजे फारच सौम्य सहसंबंध.

१० साक्षीदारांची किंमत : १० ÷ १.९ = ५.३
४७९ साक्षीदारांची किंमत : ४७९ ÷ ४८.८ = ९.८
१,०६९ साक्षीदारांची किंमत : १,०६९ ÷ १०७.८ = ९.९

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. १,०६९ विरुद्ध ४७९ हा आकडा ऐकून आपल्याला वाटते की एक पारडे दुपटीहून जड आहे. थोडेसे बोलणे-ऐकणे धरले तरी हिशोब ९.९ विरुद्ध ९.८ होतो, म्हणजे जवळजवळ बरोबरी. साक्षीदार एक लाख आणले तरी किंमत १० च्या वर जाणार नाही, कारण ती १ ÷ स या मर्यादेपाशी अडते. सहसंबंध ०.०१ इतका क्षीण धरला तरी १,०६९ जणांची किंमत ९२ च्या आत राहते.

खरे साक्षीदार या सूत्राइतके एकसारखे नसतात, हे मान्य. बहीण आणि वाटेवरून कुमाराला पाहिलेला रयत यांची वाचने एका तोलाची नव्हेत. पण सूत्राचा मुद्दा टिकतो : संख्या वाढवल्याने उपयोग होत नाही, स्वातंत्र्य वाढवल्याने होतो.

५. न्यायालयांनी काय केले

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १३४ मध्येच म्हटले होते की कोणतीही गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात, हे वकिलांचे जुने सूत्र. प्रश्न तोलायचे कसे हा.

या दृष्टीने पाहिल्यास खटल्यातला सर्वांत मोलाचा पुरावा ओळखणाऱ्यांचा नव्हता. तो शरीरावरच्या खुणांचा होता. त्यांतही डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा वेडावाकडा व्रण मला वेगळा वाटतो, कारण त्याची नोंद कुमाराच्या आयुर्विम्यासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या कागदात होती. तो कागद १९०९ च्या आधीचा. लिहिणाऱ्या डॉक्टरला पुढे संन्यासी येणार आहे, खटला होणार आहे, हे माहीत असणे शक्यच नव्हते. बोलणे सुरू होण्याआधी लिहिलेला असा एक कागद बोलणे झाल्यानंतरच्या शंभर आठवणींपेक्षा जड का, हे वरच्या सूत्रावरून कळेल : त्याच्या चुकीचा इतरांच्या चुकीशी संबंध नाही.

पण सगळा वाद अशा कागदांवर मिटणारा नव्हता. म्हणूनच उच्च न्यायालयात तेच छापील खंड वाचून तीन न्यायमूर्ती दोन निष्कर्षांवर पोचले. प्रिव्ही कौन्सिलने तर, खालच्या दोन न्यायालयांचे वस्तुस्थितीवर एकमत असेल तर सहसा साक्षीपुरावा पुन्हा तपासायचा नाही, या आपल्या रिवाजावर बोट ठेवले. कायद्याला कुठेतरी थांबावे लागते, म्हणून हा रिवाज समजण्यासारखा आहे. आठवणीच्या अभ्यासकाला मात्र तिथे थांबण्याचे कारण नाही.

६. पुस्तक आणि पडदा

या खटल्यावर पार्थ चटर्जी यांचे ‘अ प्रिन्सली इम्पॉस्टर?’ हे इंग्रजी पुस्तक २००२ मध्ये आले. चटर्जी कोलकात्याच्या सामाजिक शास्त्र अभ्यास केंद्रात दीर्घकाळ काम केलेले अभ्यासक. पुस्तक जरूर वाचा. शीर्षकातले प्रश्नचिन्ह ते शेवटपर्यंत पुसत नाहीत, दोन्ही बाजू पुरेशा सबुरीने मांडतात, आणि भारतीय न्यायाधीश-वकिलांच्या मनात राष्ट्रवाद वसाहतीच्या चौकटीतच कसा मुरत गेला हे दाखवतात. ‘तोच माणूस’ म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला प्रश्नही ते हाताळतात.

माझी हरकत त्याच्या पुढची आहे. ओळखण्यामागे कोणाची सत्ता, कोणाचा स्वार्थ, कोणाची अस्मिता, हे प्रश्न पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहेत. आठवण माणसामाणसांत कशी घडते हा नाही. त्यामुळे वाचकापुढे दोनच पर्याय उरल्यासारखे होतात : साक्षीदार खरे सांगतो, किंवा कशासाठी तरी खोटे सांगतो. वरचे प्रयोग तिसरा पर्याय दाखवतात. साक्षीदार प्रामाणिक असतो, त्याला काही मिळवायचे नसते, आणि तरीही त्याची आठवण शेजाऱ्याची असते. भावालच्या रयतेला जमीनदार परत हवा होता असे म्हणणे आणि तिला तो खरोखर आठवू लागला असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली राजकारणाने समजते, दुसरीला मानसशास्त्र लागते.

सिनेमाचे काम आणखी अवघड. १९७५ च्या ‘संन्यासी राजा’ने बंगालच्या एका पिढीला मेजोकुमार म्हणून उत्तमकुमारांचा चेहरा दिला. २०१८ मध्ये सृजित मुखर्जी यांनी चटर्जींच्या पुस्तकाच्या आधारे ‘एक जे छिलो राजा’ केला, त्यात जिशू सेनगुप्ता आहेत. नावे बदलली आहेत, वकिलांच्या भूमिका अपर्णा सेन आणि अंजन दत्त यांच्या आहेत. चित्रपट पाहण्याजोगा आहे. पण पडद्याची एक अडचण लक्षात घ्या. न्यायालयात ‘त्या रात्री असे झाले’ हे एका माणसाचे सांगणे असते आणि त्याच्यासमोर दुसऱ्याचे सांगणे उभे असते. पडद्यावर तेच सांगणे दृश्य होऊन येते, आणि पाहिलेले दृश्य प्रेक्षक ‘घडले’ म्हणून लक्षात ठेवतो. जी उत्तरपत्रिका कोणत्याही न्यायाधीशाकडे नव्हती, ती दिग्दर्शक आपल्या हाती देतो. भावालच्या आठवणीत आज मिसळणारा सर्वांत मोठा ‘शेजारी’ कदाचित चित्रपटच असेल.

७. प्रयोगांनाही प्रश्न विचारा

टीका एकाच बाजूने केली तर ती अर्धवट राहील. प्रयोगांच्याही मर्यादा आहेत.

एक, बहुतेक प्रयोगांत जोडीदार अनोळखी असतो आणि मध्ये काही मिनिटे किंवा दिवस जातात. बहीण-भाऊ, मालक-रयत अशी नाती आणि बारा वर्षांचा काळ प्रयोगशाळेत बसत नाहीत. परिणाम तिथे याहून मोठा असेल की लहान, हे त्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. ७१ टक्के हा आकडा उचलून जयदेवपूरच्या जमावाला लावणे चूक होईल.

दोन, प्रयोगात खरे काय ते प्रयोगकर्त्याला माहीत असते, म्हणून तो आठवणीला ‘फसवी’ म्हणू शकतो. दार्जिलिंगच्या त्या रात्रीची फीत कोणाकडे नाही. म्हणून भावालच्या कोणत्याही एका साक्षीदाराकडे बोट दाखवून ‘याची आठवण खोटी’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘ही आठवण स्वतंत्र राहिलेली नाही’ एवढेच म्हणता येते, आणि ते पुरेसे आहे. मिसळलेली आठवण खरीही असू शकते. वादी खरोखरच कुमार असेल, तरी त्याला ओळखणाऱ्या हजार आठवणी एकमेकींत मिसळलेल्याच होत्या.

तीन, एकत्र आठवण्याने नुकसानच होते असेही नाही. दोघे मिळून आठवताना एक दुसऱ्याची चूक पकडतो, विसरलेले सुचवतो. घरातल्या लग्नाची तारीख आपण अशीच पक्की करतो. प्रश्न एकत्र आठवण्याचा नाही. एकत्र आठवलेले वेगवेगळे पुरावे म्हणून मोजण्याचा आहे.

८. हे तुमच्या कामाला कुठे येते

तुमच्यातले कित्येक जण कधीतरी साक्षीदार होतील. वसतिगृहातले रॅगिंग, प्रयोगशाळेतला अपघात, कारखान्यातली दुर्घटना, रस्त्यावरची धडक. चौकशी समितीपुढे जाण्याआधी गटावर दोनशे संदेश पडलेले असतात, आणि मग अकरा मुलांचे जबाब शब्दशः जुळतात. समिती म्हणते, ‘अकरा जण एकच सांगतात, म्हणजे खरे असणार.’ यातून एखाद्या निरपराध मुलाचे वर्ष जाऊ शकते. उलटही होते : जबाब जुळलेले पाहून ‘यांनी ठरवून सांगितले’ असे समजून समिती खऱ्या तक्रारीलाही बाजूला सारते. दोन्ही चुका एकाच गैरसमजातून येतात, की माणूस एक तर स्वतंत्र साक्षीदार असतो, नाहीतर खोटारडा.

म्हणून काही साध्या सवयी :

• घटना घडली की कोणाशी बोलण्याआधी आपल्याला जे दिसले ते लिहा, खाली वेळ घाला.
• लिहिताना ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘नंतर कळले’ हे तीन भाग वेगळे ठेवा.
• चौकशी करत असाल तर जबाब वेगवेगळे घ्या, आणि उत्तर सुचवणारा प्रश्न टाळा. ‘तो तिथे होता ना?’ ऐवजी ‘तिथे कोण कोण होते?’
• प्रत्येकाला विचारा : याबद्दल तुम्ही आधी कोणाशी बोललात? हा आरोप नाही, वर दिलेल्या सूत्रातला ‘स’ अजमावण्याचा प्रयत्न आहे.
• जबाब ठाम आहे म्हणून तो बरोबर समजू नका. ठामपणा दुसऱ्याच्या शाबासकीतूनही येतो.
• चर्चा सुरू होण्याआधीची नोंद शोधा : हजेरीपत्रक, दवाखान्याचा कागद, कॅमेऱ्याची फीत. भावालमध्ये विम्याचा कागद होता तसा.

विचारासाठी प्रश्न

१. न = १,०६९ ठेवून ‘स’ची किंमत ०, ०.००१, ०.०१ आणि ०.१ अशी बदला आणि आलेख काढा. सर्वांत मोठी घट कोणत्या टप्प्यात होते?

२. दाईचे नाव जमावासमोर विचारण्याऐवजी ती परीक्षा कशी घेता आली असती, म्हणजे उत्तर खरे ठरो वा खोटे, ओळखणाऱ्यांच्या आठवणी स्वतंत्र राहिल्या असत्या? पद्धत पायऱ्यापायऱ्यांनी लिहा.

३. बिस्वास आणि लॉज या दोन न्यायमूर्तींनी तोच पुरावा वाचला आणि विरुद्ध मते दिली. वाचणाऱ्याच्या मतांतही सहसंबंध असू शकतो का? कोणत्या कारणांनी?

४. तुमच्या घरात सगळ्यांना आठवणारा एखादा जुना प्रसंग निवडा. घरच्यांना एकेकटे गाठून तो लिहून घ्या, मग जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या गोष्टी मांडा. जुळणाऱ्यांपैकी किती प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत आणि किती फोटोतून किंवा एकमेकांकडून आलेल्या, ते शोधा.